काळ्या बिअरचा चोथा

सुजितनं टेम्पोचं फाळकं पाडलं आणि पहिलं घमेलं गोठ्यापुढच्या फरशीवर ओतलं. गवराबाई शेणाचे हात धुवत होती. ओल्या हातानंच ती पुढं आली, वाकून बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय आणलंस रं?"

"चोथाच की मावशी. नेहमीचाच."

"नेहमीचा पिवळा असतो. ह्यो काळा हाय."

"नवीन बिअर काढलीय त्यांनी. इंग्लिश. पोर्टर म्हणत्यात तिला." सुजित दुसरं घमेलं भरत होता. "धान्य भाजून घालत्यात, म्हणून काळं दिसतंय. काय होत न्हाई, घाल बिनधास्त."

निघोज्याच्या शिवेवर, जिथं पूर्वी गवराबाईच्या दिराची ज्वारी उभी असायची, तिथं आता पत्र्याच्या शेडांची रांग होती. कुठं नटबोल्ट, कुठं रबराचे पट्टे, कुठं गाड्यांच्या सीटांचा फोम. त्यातल्या शेवटच्या शेडमध्ये बिअरचा एक छोटा कारखाना आला होता. सातूचं धान्य गरम पाण्यात भिजवायचं, त्या गोड पाण्याची बिअर करायची आणि खाली राहिलेला चोथा टाकून द्यायचा, असं ते काम. तो चोथा म्हशींना चालतो, दुधाला चांगला असतो, ही बातमी सुजितनंच आणली. सुजित म्हणजे गवराबाईच्या धाकट्या बहिणीचा, महाळुंग्याच्या सोजराबाईचा मुलगा. त्याच्याकडं टेम्पो होता, मावशीकडं म्हशी होत्या. सगळ्यांचंच भागत होतं.

गवराबाईनं मूठभर चोथा उचलून नाकाशी नेला. करपलेला वास आला, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा. तिला तो आवडला नाही. पण चैत्र संपत आला होता, हिरवा चारा कुठं दिसत नव्हता, कडब्याची गंज तळाला गेली होती. आणि आणणारा घरचा होता. तिनं थोडासा पेंडीत कालवून गव्हाणीत टाकला. तीनपैकी दोघी म्हशींनी तोंड लावून सोडून दिला. भिंगरी मात्र पहिल्यापासून खादाड. तिनं आपला संपवला, दोघींचाही संपवला.

पुढच्या खेपेलाही चोथा काळाच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी उठेना.

तिचं पोट डाव्या अंगानं फुगलं होतं. डोळे खोल गेले होते, रवंथ बंद. गवराबाईनं तिच्या कानाला हात लावला तर कान गार. आदिनाथ, तिचा मुलगा, कंपनीतून तिसरी शिफ्ट करून नुकताच आडवा झाला होता. त्याला हलवून उठवलं, जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टर आले. त्यांनी पोटावर बुक्की दाबून बघितली, कान लावून ऐकलं, मग नळी घालून सोड्याचं पाणी पाजलं.

"पोट बिघडलंय. काय घातलं होतं खायला?"

"ते बिअरवाल्यांचं," आदिनाथ म्हणाला.

"ते बंद करा आधी," डॉक्टर म्हणाले आणि सुई भरायला लागले.

भिंगरीच्या मानेवरून हात फिरवत गवराबाई तिथंच बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढं ओढ्याचं काळं पाणी होतं. काही वर्षांपूर्वी वरच्या अंगाला एक मुलामा देण्याचं वर्कशॉप निघालं होतं. एका सकाळी ओढा काळा झाला, मासे उताणे पडले. तिची एक पारडी त्या पाण्याला तोंड लावून आली आणि संध्याकाळपर्यंत मेली. गावातले चार जण वर्कशॉपमध्ये जाब विचारायला गेले, त्यात गवराबाईही होती. तिथल्या साहेबानं सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, क्रीमची बिस्किटं दिली. तपासणी झाली आहे, पाण्यात काही नाही, असं गोड आवाजात सांगितलं. चहा पिऊन सगळे परत आले. तो चहा आपण का प्यालो, याची सल तिच्या मनातून गेली नव्हती. वर्कशॉप पुढं आपोआपच बंद पडलं, पण शेडमधला माणूस गोड बोलायला लागला की ती सावध व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजितचा टेम्पो आला, तेव्हा तिनं त्याला फाळकं पाडू दिलं नाही. घरातून झाकणाचा डबा आणला.

"ह्याच्यात भर थोडा. बाकीचा परत ने."

"डबा कशाला मावशी?"

"दाखवून येते त्यांस्नी. काय घालत्यात त्यात ते विचारते."

सुजित डबा हातात धरून उभा राहिला. "तू कशाला जातीस उन्हाचं? मी विचारतो की. माझं रोजचं जाणं हाय."

"तुझी म्हस पडली न्हाई. माझी पडलीय."

त्यानं डबा भरून दिला आणि टेम्पो वळवला. पोराला वाईट वाटलं असेल, असं गवराबाईच्या मनात आलं.

शेडच्या दाराशी वॉचमन होता. त्यानं हटकलं, पण तिनं म्हशीचं नाव काढताच तो आत गेला आणि एका मुलीला घेऊन आला. तिशीची असेल. डोक्याला जाळीची टोपी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाह्या वर सारलेल्या.

"या काकू, आत या. उन्हातून आलात. मी सोनल. चहा घेणार?"

"चहा नगं," गवराबाई ताडकन म्हणाली. "साहेबाला बोलव."

"साहेब कुणी नाही. बिअर मीच बनवते."

गवराबाईनं तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. गळ्यात बारीक साखळी, कपाळावर घामाचे थेंब, बोलणं शहरी. "कुठली तू?"

"रहाटणीची. आई-वडील तिथंच असतात."

"आणि त्यांस्नी हे चालतं?"

"आधी नाही चाललं," सोनल म्हणाली. "आता चालतं. काय झालं काकू?"

गवराबाईनं सगळं सांगितलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आली होती, तरी भिंगरीचं सांगताना तो चढलाच. सोनलनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. तेही गवराबाईला खटकलं. ज्याला लपवायचं असतं तो असाच शांत ऐकतो.

"तुमची म्हैस आजारी पडली त्याचं वाईट वाटतं," सोनल म्हणाली. "पण आमच्या धान्यात काही मिसळलेलं नाही. या, मी दाखवते."

तिनं दोन पोती उघडली. एकात फिकट सातू, दुसऱ्यात काळाकुट्ट, कॉफीच्या बियांसारखा. "हा भाजलेला. भट्टीत करपायच्या बेतापर्यंत भाजतात. घालतो थोडाच, पण रंग सगळ्याला चढतो."

"कोण भाजतं?"

"भाजूनच येतो आमच्याकडे."

"म्हंजे तू बघितलं न्हाईस."

"नाही. मी बघितलं नाही."

गवराबाईनं काळे दाणे तळहातावर घेतले, चुरडले, जिभेवर ठेवले. कडू, कुरकुरीत. औषधाचा काही वास लागला नाही. पण तिचं समाधान होईना. चांगलं धान्य मुद्दाम करपवायचं, हेच मुळी तिच्या मनाला पटत नव्हतं. तिच्या घरात भाकरी करपली तर सून ती लपवून स्वतः खायची.

"हे असलं प्यायचं खूळ कुणाचं?"

"लंडनच्या हमालांचं," सोनल म्हणाली. "दोन-तीनशे वर्षांपूर्वी तिथल्या बंदरात, बाजारात ओझी वाहणारी माणसं ही प्यायची. हमालाला तिकडं पोर्टर म्हणतात, तेच नाव बिअरला पडलं. मी तिकडं शिकायला होते, तेव्हा पहिल्यांदा प्याले. वाटलं, आपल्याकडं करून बघावी."

गोष्ट चांगली होती. वर्कशॉपच्या साहेबानंही चांगलीच गोष्ट सांगितली होती. गवराबाईनं पलीकडच्या स्टीलच्या टाक्यांकडं बघितलं. नळ्या, घड्याळं, बारीक सूं असा आवाज. यातलं तिला काही कळण्यासारखं नव्हतं. ही पोरगी काय दाखवील तेवढंच आपण बघणार. चोथा पोटात गेला तो भिंगरीच्या, आणि भिंगरी बोलत नाही.

"ह्या चोथ्याचं जे पाणी निघालं, त्याचीच ती बिअर न्हवं?"

"हो. ही खेप तयार व्हायला वेळ आहे, पण त्याच धान्याची आधी थोडी करून बघितलेली आहे."

"मग मला दे थोडी."

सोनल चपापली. "काकू, दारू आहे ती. तुम्ही कधी..."

"कधीच न्हाई. माझ्या म्हशीनंबी कधी खाल्ला नव्हता काळा चोथा. दे."

सोनलनं एका टाकीच्या नळाखाली काचेचा ग्लास धरून तो अर्धा भरला. रंग गुळाच्या काकवीसारखा, उजेडाला धरलं तर कडेनं लालसर. वर दुधाच्या चहाच्या रंगाचा फेस.

"तू पी आधी."

सोनल हसली नाही, रागावलीही नाही. तिनं दोन घोट घेतले. गवराबाई तिच्या गळ्याकडं टक लावून बघत होती, गिळते की तोंडात धरते ते. गिळलं.

"दुसरा ग्लास नगं. ह्योच दे."

ग्लास हातात घेतल्यावर तिला आणखी एक शंका आली. "बिअर गारढोण असती म्हणत्यात. ही तशी न्हाई."

"हिला बर्फासारखी गार करत नाहीत. फार गार केली तर चव लागत नाही."

गवराबाईनं पदर डोक्यावरून नीट केला, दाराकडं एकदा बघितलं आणि घोट घेतला. फेस वरच्या ओठाला लागला. पहिल्यांदा नुसतं कडू लागलं, आणि तिनं डोळे बारीक केले. मग त्या कडूच्या मागून करपलेल्या भाकरीचा खमंगपणा आला, त्यामागं काकवीचा पुसटसा गोडवा. घशाखाली उतरल्यावर पोटात थोडं गरम झालं. तिनं जीभ टाळूला लावून बघितली. तुरटपणा नव्हता. काही चरचरलं नाही. तिनं दुसरा घोट घेतला, या वेळी सावकाश, लोणचं मुरलं का ते बघताना घेतात तसा.

"कडू हाय," ती म्हणाली. "पण खराब न्हाई."

तोंडात ती चव होती, आणि तरीही काहीतरी जुळत नव्हतं. तिनं ग्लास खाली ठेवला, डब्याचं झाकण उघडलं आणि वाकून वास घेतला. करपलेला वास होताच, पण त्याच्या खालून दुसरा वास नाकात शिरला. आंबूस, शिळ्या ताकाच्या भांड्यासारखा. इतके दिवस करपट वासाखाली तो दडून बसला होता. आता चांगल्या मालाची चव जिभेवर असताना तो लपेना.

"ह्याला वास येतोय," ती म्हणाली. "तुझ्या बिअरला असा न्हाई."

सोनलनं डबा घेतला. वास घेताच तिचा चेहरा बदलला. बोटानं चोथा बाजूला सारून तिनं तळाचा बघितला. "काकू, हा आजचा नाही. हा आंबलाय. तुमच्याकडं कधीपासून आहे?"

"आज सकाळी आणला सुजितनं."

"आज? पण पोर्टर आम्ही सोमवारी केली. चोथा त्याच दुपारी सुजित घेऊन गेला. आज गुरुवार." ती डब्याकडं बघत म्हणाली, "या उन्हात दुसऱ्या दिवशीसुद्धा घालू नये हा. बंद भांड्यात ठेवला तर लवकर आंबतो, आणि असा आंबलेला पोटभर खाल्ला की जनावराचं पोट फुगतं."

गवराबाईचे कान तापले. ते बिअरमुळं की बोलण्यामुळं, तिला कळलं नाही. "म्हंजे माझ्या बहिणीचा पोरगा खोटारडा, असं म्हनतीस तू?"

"मी तसं म्हणत नाही. सोमवारी दुपारी चोथा इथून गेला, एवढंच मला माहीत आहे. पुढं तो कुठं जातो, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला फक्त तो शेडमधून उचलला जायला हवा होता. हवं तर मी बोलते सुजितशी."

"तू काय बोलू नगंस. मी बघते."

दुपारी आदिनाथ झोपून उठला तेव्हा ती चप्पल घालून तयारच होती. त्याच्या गाडीवर मागं बसून महाळुंग्याला निघाली. वाटेत तिनं सगळं सांगितलं. त्यानं गाडी एकदम हळू केली.

"आई, तू बिअर प्यालीस?"

"दोन घोट. रस्त्याकडं बघ."

कंटेनरच्या रांगेतून गाडी पुढं सरकत होती. गवराबाईचं चित्त जागेवर नव्हतं. पोरगी खोटी निघावी, असं तिला आतून वाटत होतं. खोटी निघाली तर सगळं सोपं होतं. शेडवाल्यांना चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्या पोरीनं आपल्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात लोटली असणार, शिकलेली माणसं बोलण्यात पटाईत असतात. पण सकाळी डबा हातात धरून उभा राहिलेला सुजित तिला पुन्हापुन्हा दिसत होता. "तू कशाला जातीस उन्हाचं?" तेव्हा ती माया वाटली होती.

सोजराबाई दारात तांदूळ निवडत होती. बहिणीला बघून ती आनंदली, पाणी आणायला उठली. गवराबाई थांबली नाही. घराला वळसा घालून ती थेट मागं गेली. तिथं पत्र्याच्या आडोशाला, भर उन्हात, निळे प्लास्टिकचे पिंप उभे होते. तिनं पहिल्याचं झाकण ओढलं. आतून गरम, आंबट वाफ आली आणि चिलटं उठली. आत काळा चोथा होता. दुसऱ्यात पिवळा, वर पांढरी बुरशी धरलेला.

तिनं झाकण परत लावलं. हात पदराला पुसला. मग बराच वेळ पिंपाला टेकून उभी राहिली.

सुजित घरातून बाहेर आला. त्याला काही विचारावं लागलंच नाही. आदिनाथ पुढं होत होता, त्याला गवराबाईनं हातानं मागं सारलं.

"ताजा कुठं जातो?"

सुजित खाली बघत होता. "बबनरावांच्या गोठ्यावर. चाकण रोडला मोठा गोठा टाकलाय त्यांनी. त्यांस्नी त्याच दिवशी लागतो, जरा शिळा असला तरी परत पाठवत्यात. मग त्यांचं भागलं की उरलेला..."

"उरलेला मावशीला."

"थंडीत काय होत नव्हतं गं मावशी. उन्हाळ्यात एवढा लवकर आंबंल असं वाटलं न्हाई. आणि काळ्यात तर वासबी येत नव्हता."

"तुला येत नव्हता?"

तो पिंपाचं झाकण चाचपायला लागला.

"सुजित, मी विचारते. तुला येत नव्हता?"

"येत होता," तो पुटपुटला.

"मग?"

"बबनराव ओरडत्यात, गिऱ्हाईक तुटतं." त्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं असावं असं गवराबाईला वाटलं. "तू घरची. तू काय बोलणार न्हाईस असं वाटलं."

गवराबाईला शिव्या तोंडपाठ होत्या. त्यातली एकही आठवेना. वर्कशॉपच्या साहेबानं फसवलं तेव्हा ती गावभर ओरडत फिरली होती. हा आपल्या मांडीवर वाढलेला, याला काविळीत तिनं उसाचा रस पाजलेला.

मागून सोजराबाई आली होती, हातात तांब्या. तिनं सगळं ऐकलं होतं. "चुकलं असंल पोराचं, पण म्हस काय मेली न्हाई न्हवं? बस जरा. पाणी पी."

"नगं," गवराबाई म्हणाली, आणि आदिनाथच्या गाडीकडं चालू लागली.

दोन दिवस भिंगरीनं कडब्याची काडीही धरली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खाली बसून जबडा हलवायला लागली. आदिनाथनं ते बघितलं आणि आईला हाक मारली. दोघं गोठ्याच्या दारात उभे राहून रवंथाचा तो ओलसर आवाज ऐकत राहिले. दूध मात्र त्या वेतात पहिल्यासारखं झालं नाही.

चोथा आता आदिनाथ स्वतः आणायचा. बिअर होते त्या दिवशी सोनल फोन करायची आणि तो कामावरून येताना दोन पोती गाडीला बांधून घ्यायचा. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. गवराबाईनं कारखान्यात जाऊन बिअर ढोसली, असं ती पसरता पसरता झालं. नळावर कुणीतरी हसत विचारलं, तेव्हा गवराबाईनं "व्हय, प्याले" एवढंच सांगितलं आणि हंडा उचलला. सोनल एकदा गोठ्यावर येऊन भिंगरीला बघून गेली. गवराबाईनं तिला ताक दिलं. तिच्यावर आपण फुकट संशय घेतला, हे बोलून दाखवावं असं तिच्या मनात आलं, पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"तो करपलेला सातू कोण भाजतं, ते बघून ये एकदा."

"जाणार आहे," सोनल म्हणाली. "तुम्ही विचारल्यापासून मलाही ते खटकतंय."

सोजराबाईचा फोन महिन्यानंतर आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाण्याचं, लग्नाचं. मग ती मुद्द्यावर आली.

"अक्का, सुजित लई मनाला लावून घेतोय. तुझ्या दारात यायची लाज वाटती म्हनतो. तू त्या बिअरवालीवर इस्वास ठेवलास, आपल्या पोरावर न्हाई."

"मी कुणावरच ठेवला न्हाई, सोजरा. तिच्यावरबी न्हाई. चव घेतली आणि वास घेतला."

पलीकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला.

"मग पोरानं यायचं का न्हाई?"

गवराबाई ओसरीवर बसली होती. तिनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. नाही म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. हो म्हणावं, असंही आलं होतं.

"येऊ दे," ती शेवटी म्हणाली. "जेवायला येऊ दे. टेम्पो घेऊन नगं."